दाबला की चालू

१४ डिसेंबर २००८, रविवार. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात कुठेतरी लिहून ठेवलेली बरी. ही कोणी वाचायची नाही. उत्कर्षाने तर नाहीच.

हिंजवडीतली कंपनी मी गेल्या महिन्यात सोडली. परस्पर संमतीने. त्यांनी संमती आधी दिली, मी नंतर. जगभर मंदी आहे, यात तुमचं वैयक्तिक काही नाही, असं एचआरच्या मुलीने स्वतः सांगितलं. उत्कर्षा हेच वाक्य अधूनमधून म्हणून दाखवते. बायकोच्या तोंडून ते वेगळं ऐकू येतं.

आज सासुरवाडीला जेवण. खडकवासल्याच्या पुढे सासऱ्यांची शेती. मुलगा नाही, दोन मुली. थोरली माझ्या वाट्याला. धाकटी अक्षता, तिचा नवरा अभय तिथेच राहून शेती बघतो. म्हणजे माझा साडू. मला 'पाहुणं' म्हणतो. मी त्या घरचा मोठा जावई, आणि हा कालचा आलेला मला पाहुणा ठरवतो.

जेवताना सगळा वेळ त्याच्या नव्या पेरणी यंत्राचं कौतुक. ट्रॅक्टरमागे जोडायचं, मका पेरायचा आणि त्याच वेळी बियाण्याच्या ओळीत औषध सोडायचं. मग मातीतली अळी कोवळी रोपं कुरतडत नाही म्हणे. औषधाची टाकी, टाकीला छोटा पंप, पंपाचं बटण सीटजवळ. ओळ सुरू झाली की चालू करायचं, ओळ संपून यंत्र उचललं की बंद करायचं. अभय बटण विसरतो. मग वळणावर औषध सांडतं, नाहीतर अर्धी ओळ कोरडी जाते. सासरे त्यावरून त्याला सगळ्यांदेखत बोलले. फार बरं वाटलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तिथेच सुचलं. बटण माणसाने दाबायचंच कशाला? यंत्र टेकलं की पंप आपोआप चालू, उचललं की आपोआप बंद. ताटावरूनच जाहीर केलं. सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कम्प्युटरवाले ना?" मी म्हटलं, डिग्री इलेक्ट्रिकलची आहे. अभय म्हणाला, "दिवाळीला तुमच्या गॅलरीत माळ पेटंना, तेव्हा काय दुसरी डिग्री होती?"

सगळे हसले. उत्कर्षा सर्वांत आधी.

हसा.

१७ डिसेंबर, बुधवार.

बुधवार पेठ. दगडूशेठला बाहेरूनच हात जोडले, आत गर्दी. दुकानदाराकडे लिमिट स्विच मागितला. याला एक छोटा दांडा असतो. दांडा दाबला गेला की चालू, सुटला की बंद. यंत्राचा उचलायचा दांडा खाली आला की त्याने हा दाबायचा, बस. कशासाठी हवाय, असं दुकानदाराने विचारलं म्हणून मी त्याला भारतीय शेतीच्या ऑटोमेशनची थोडी कल्पना दिली. मागे चार माणसं उभी राहिली. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे एकच द्यायचा ना?"

अशा लोकांमुळे हा देश मागे आहे. एकच घेतला.

२० डिसेंबर, शनिवार.

डायनिंग टेबलावर यशस्वी चाचणी. पंपाच्या जागी दिवा. स्विच दाबला, दिवा लागला. सोडला, विझला. उत्कर्षाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, असला स्विच आपल्या भिंतीवर आधीपासून आहे."

कंपनीचं नाव ठरवलं: अभिनव ऑटोमेशन. माझंच नाव आहे आणि त्याचा अर्थही नवा. असं नाव जुळून यावं लागतं.

दुपारी नीरजाचा फोन. जुन्या टीममधली. तिच्या नव्या कंपनीत जागा आहे. कुठली? टेस्टिंगची! आयुष्यभर कोड लिहिला मी, आता दुसऱ्यांच्या चुका शोधत बसू? म्हटलं, मी सध्या प्रॉडक्टच्या महत्त्वाच्या टप्प्यावर आहे. ती म्हणाली, जानेवारीअखेरपर्यंत जागा धरून ठेवते, विचार कर. आवाजात कीव होती. किंवा असूया.

२८ डिसेंबर, रविवार.

ट्रॅक्टरवर फिटिंग. उचलायच्या दांड्याच्या बरोबर खाली स्विच बसवला. टाकीत साधं पाणी. यंत्र टेकलं, दांडा स्विचवर आला, पंप चालू. उचललं, बंद. पुन्हा टेकलं, चालू. सासरे बांधावरून म्हणाले, "आयला!" हे मी सर्टिफिकेट समजतो.

अभय म्हणाला, "चाललं की." कौतुकाचं वाक्य असं कोण म्हणतं? जणू मी त्याची सायकल उसनी मागून नेली आणि चक्क परत आणली.

याच उत्साहात सीटजवळचं जुनं बटण उपसून टाकलं. वायरही मागच्या मागे कापली. अभय ओरडला, ते राहू दे की, अडीनडीला उपयोगी पडेल. मी म्हटलं, विश्वास नसेल तर स्पष्ट बोला. तो म्हणाला, "स्पष्टच बोललो."

१ जानेवारी २००९, गुरुवार.

संकल्प. (१) चिडायचं नाही. (२) अभयशी मोजकंच बोलायचं. (३) उन्हाळ्यापर्यंत पन्नास ट्रॅक्टर.

तिसरा अवघड नाही.

४ जानेवारी, रविवार.

अभयचा फोन. रानात दोन फेऱ्या मारून बघितल्या म्हणे. "पाहुणं, तुमचं ते खालच्या अंगाला हाय ना, तिथं ढेकूळ अडकतंय. एकदा दाबलं की सुटतच नाही."

माझ्या यंत्रात ढेकूळ! ढेकूळ त्याच्या रानातलं, दोष माझ्या स्विचला. मी म्हटलं, रान नीट तयार करा. त्याने सासऱ्यांना फोन दिला. सासरे म्हणाले, रान नीटच आहे.

पहिले दोन्ही संकल्प मोडले. त्याला जबाबदार अभय.

११ जानेवारी, रविवार.

उपाय सापडला, आणि तो इतका सोपा आहे की अभयला या जन्मात सुचला नसता. खाली ढेकूळ अडकतं ना? मग स्विच वर लावायचा. दांड्याच्या वरच्या अंगाला. तिथे माती पोचतच नाही. सकाळी जाऊन बसवून आलो. आता दांडा वर गेला की स्विच दाबला जातो. बाकी वायरिंगला हातही लावला नाही. उत्तम डिझाइनची हीच खूण: एकच गोष्ट बदलायची, बाकीची जशीच्या तशी.

अभय बाजारात गेला होता. त्यामुळे काम शांततेत झालं.

१६ जानेवारी, शुक्रवार.

रविवारी पेरणी. कालव्याला पाणी सुटणार आहे, ते चुकलं की पुढचं कधी, सांगता येत नाही. म्हणून सासरे घाईत. धरणाच्या चौपाटीवर भाजलेली कणसं विकणारे सासऱ्यांकडूनच माल नेतात. वेळेत कणीस आलं नाही तर ते दुसरीकडून उचलतात.

अभयचा फोन: उद्या या, स्विच वर लावलाय तर एकदा पाणी घालून बघू. मी नकार दिला. डिसेंबरात चाचणी झाली आहे. तोच स्विच, तोच पंप, त्याच वायरी. प्रत्येक वेळी परीक्षा घ्यायची म्हणजे माणसाचा अपमान आहे.

उत्कर्षा म्हणाली, "अहो, पाणीच तर घालायचंय. आपलं काय जातं?"

माझं जातं.

मग अक्षताचा फोन आला, तिच्याशी उत्कर्षा बराच वेळ हळू आवाजात बोलली. नंतर मला कळलं ते एवढंच: अभयला जुनं बटणच परत बसवायचं होतं, पण अक्षता त्याला म्हणाली, दाजींच्या हातात सध्या काहीतरी असायला हवं, राहू दे त्यांचं. आणि तो कबूल झाला. त्या घरात निदान एकीला माझ्या कामाची किंमत कळते.

१८ जानेवारी, रविवार. घरी परत आल्यावर.

ऐतिहासिक दिवस. पेरणी पूर्ण. संपूर्ण ऑटोमॅटिक.

अभय ट्रॅक्टरवर, मी बांधावर, सासरे खुर्चीत. यंत्र जमिनीत गेल्यावर औषधाच्या नळ्या मातीतच असतात, त्यामुळे काही दिसत नाही. पण टाकी भराभर खाली जात होती. आकडे खोटं बोलत नाहीत. अभयने मध्येच थांबवून विचारलं, "वळताना लई फवारा उडतोय, पाहुणं. उचलल्यावर बंद व्हायचं होतं ना?" मी त्याला समजावलं की नळीत उरलेलं प्रेशर असतं, ते बाहेर पडणारच. त्याला प्रेशर हा शब्द माहीत असावा, कारण त्याने मान हलवली. म्हणाला, "तुम्ही इंजिनिअर. तुमाला म्हाईत."

पहिल्यांदाच मान्य केलं!

दुपारी जेवायला थांबलो तेव्हा यंत्र उचलून ट्रॅक्टर बोरीखाली लावला होता. किल्ली काढलेली, तरी पंप मंद आवाजात गुरगुरत होता. सासूबाईंनी विचारलं, हे काय वाजतंय. मी म्हटलं, स्टँडबाय. जेवून आलो तर टाकी रिकामी. सासरे म्हणाले, एवढं औषध लागतं? मी म्हटलं, पूर्वी तुमचं कमी पडत होतं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा टाकी भरायला सांगितली.

बोरीखाली उगाच चिखल झाला होता. दुपारी तिथे बसता आलं नाही. जनावरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही, असं सासऱ्यांनी बजावलं.

निघताना अभयने हात पुढे केला. मी मोजकाच दाबला.

२७ जानेवारी, मंगळवार.

मका उगवला. अक्षताने फोनवर सांगितलं. म्हणाली, ओळी छान दिसतात, फक्त दोन्ही टोकांना काहीच नाही, जमीन पिवळट पडली आहे. टोकांना नेहमीच कमी उगवतं, मी म्हटलं. मला याची माहिती नाही, पण वाक्य पटण्यासारखं आहे.

व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. 'संस्थापक' की 'मुख्य संस्थापक', यावर अर्धा दिवस गेला. मुख्य ठेवलं. पुढे कोणी दावा सांगायला नको. माझा रोख कोणाकडे आहे ते मला माहीत आहे.

३० जानेवारी, शुक्रवार.

नीरजाला मेल. नम्र, पण ठाम. लिहिलं की ज्याने स्वतः निर्माण केलं आहे त्याला टेस्टिंग रुचत नाही. तिचं उत्तर एका शब्दाचं: "ओके."

जळतात लोक.

८ फेब्रुवारी, रविवार.

अभयचा फोन. रोपं पडताहेत. बुडाशी कुरतडलेली. रोज सकाळी नवी पडलेली दिसतात. माती उकरली की अळी निघते. "औषध सोडलंय तर अळी आली कुठनं?" असं त्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, औषध भेसळीचं असेल. तो म्हणाला, तेच औषध शेजारच्या रानात आहे, तिथला मका गुडघ्याला आला. मग बियाणं असेल, मी म्हटलं. मग पाणी. मग माती.

तो म्हणाला, "एवढ्या सगळ्यांची नावं घेतली, आणखी एकाचं राहिलं."

फोन मीच ठेवला. आवाज चढवणाऱ्या माणसाशी तांत्रिक चर्चा होत नाही.

उत्कर्षा दिवसभर बोलली नाही. वरण अळणी होतं. तिने मीठ समोर ठेवलं होतं, पण माझ्या हाताला येणार नाही असं.

१५ फेब्रुवारी, रविवार. रात्रीची नोंद, पण लवकर.

जावंच लागलं. उत्कर्षाने रिक्षा बोलावूनच सांगितलं.

रानात मधोमध काही उरलेलं नाही. दोन्ही टोकांना तर उगवलंच नव्हतं. सासरे बांधावर उभे होते, खुर्ची आणलेली नव्हती. अभय सरळ घराकडे वळला. ट्रॅक्टर अंगणात आणला. टाकीत पाणी घातलं. मग सगळ्यांसमोर यंत्र उचललं. पंप सुरू झाला, नळ्यांतून पाण्याच्या धारा अंगणात. यंत्र टेकवलं. पंप बंद. पुन्हा उचललं. धारा. टेकवलं. बंद.

एवढ्यावरही मी म्हटलं की यावरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. अभयने तिसऱ्यांदा उचललं, आणि या वेळी टेकवलंच नाही. पाणी माझ्या बुटांपर्यंत आलं. तो सीटवरून माझ्याकडे बघत राहिला. मी बाजूला झालो नाही. कोणीतरी आधी हलायला हवं होतं, ते मी होणार नव्हतो. टाकी संपेपर्यंत आम्ही दोघे तसेच.

मग त्याने पाना घेतला, माझा स्विच काढला आणि गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावला.

सासरे म्हणाले, "जावईबापू, मी तुम्हाला काही बोलणार नाही. तुम्ही मोठे जावई." एवढंच. त्यापेक्षा बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

अक्षता स्वयंपाकघरात होती. मी आत गेलो, म्हटलं, तुला तरी कळत असेल, हे प्रोटोटाइप होतं. तिने पाठ वळवली नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "दाजी, मी यांच्याशी भांडले होते तुमच्यासाठी." डोळे लाल होते. फोडणीमुळे असतील. पण गॅस बंद होता.

उत्कर्षा तिथेच राहिली. मी बसने घरी. बूट अजून ओले.

तांत्रिक टीप, केवळ माहितीसाठी: स्विच खालून वर नेला की दाबायची वेळ उलटी होते. हे अभयने त्या वेळी लक्षात आणून द्यायला हवं होतं. तो बाजारात गेला होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

कार्डं आली. सुंदर आहेत.

२३ फेब्रुवारी, सोमवार.

नीरजाला सहज फोन केला. टेस्टिंगबद्दल माझं मत थोडं व्यापक झालं आहे, असं सांगितलं. जागा भरली. एक मुलगा घेतला, ती म्हणाली, फार किरकिरा आहे, प्रत्येक गोष्ट दोनदा बघतो. मी म्हटलं, अशा माणसांबरोबर काम करणं अवघड असतं. ती म्हणाली, "नाही रे, फार सोपं जातं."

उत्कर्षा आली. कपडे घेऊन परत गेली. मी म्हटलं, किती दिवस? ती म्हणाली, "तुमच्या पन्नास ट्रॅक्टरांची ऑर्डर आली की कळवा." म्हणजे रोजनिशी वाचली आहे. कमालीचा विश्वासघात.

५ मार्च, गुरुवार.

उत्कर्षाचा फोन. कालव्याला पुन्हा पाणी आहे, रविवारी सगळं मोडून परत पेरणार. आणि मी यायचं.

मला वाटलं, चूक मान्य केली असेल, सल्ला हवा असेल. तसं नाही. मी डिसेंबरात बटणाची वायर मागच्या मागे कापली होती, ती आता सीटपर्यंत पोचत नाही. पाण्याच्या गडबडीत दुसरी ओढायला कोणाला सवड नाही. बटण मागेच राहणार, म्हणजे मागे बसून ते दाबायला कोणीतरी लागणार. सासऱ्यांची कंबर धरली आहे. अक्षता आणि उत्कर्षा बियाणं भरणार.

"तुम्ही सोडून सगळ्यांना कामं आहेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, विचार करून कळवतो. तिने फोन ठेवला. शनिवारी मुक्कामाला जाणार आहे.

८ मार्च, रविवार.

पहाटे चहा मिळाला. अक्षताने कप पायरीवर ठेवला. अभयने यंत्राच्या मागच्या फळीवर गोणपाट टाकून दिलं, मी त्यावर बसलो. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात बटण. लाल. दुकानातलं सगळ्यात स्वस्त असावं.

अभय पुढे बघून ओरडायचा, "चालू!" मी चालू करायचो. "बंद!" मी बंद करायचो. दोनदा विसरलो. पहिल्यांदा तो नुसता मागे वळून बघत राहिला. दुसऱ्यांदा ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला, कोरडी गेलेली ओळ मातीने खुणावून ठेवली आणि पुन्हा चढला. शिवी दिली असती तर मी परत दिली असती, तयार ठेवली होती.

मधल्या सुट्टीत त्याला सांगायचा प्रयत्न केला की स्विच परत खाली लावून त्यावर रबराची टोपी घातली तर ढेकूळ अडकणार नाही. डिझाइन मुळात बरोबरच आहे. तो भाकरी खात म्हणाला, "पाहुणं, गोठ्यावर चढलात तर आता तुमच्यासकट पत्रा खाली येईल."

सासरे दुपारी काठी टेकत बांधावर आले. ओळीतली माती उकरून पाहिली, हाताचा वास घेतला. माझ्याकडे न बघता अभयला म्हणाले, "आता बरोबर पडतंय."

दुपारनंतर अभयला ओरडावं लागलं नाही. यंत्र टेकलं की माझा अंगठा आपोआप दाबायचा. उचललं की आपोआप पुन्हा दाबायचा. त्यानेही ते पाहिलं. मागे न वळता म्हणाला, "आता जमलं बघा तुमचं ऑटोमॅटिक."

याला सणसणीत उत्तर द्यायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण वळण आलं, बंद करायचं होतं.